डाउनलोड झाले म्हणजे तपासणी झाली असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत संगणकांच्या देखभालीविषयी जे टिपण आले, त्यात असा सल्ला आहे की लिनक्स संगणकांचे अपडेट रात्री नुसते डाउनलोड करून ठेवावेत आणि डाउनलोडमध्ये एरर आली नाही तर सकाळी निर्धास्तपणे इन्स्टॉल करावेत. यातला पहिला अर्धा सल्ला उत्तम आहे. दुसरा अर्धा धोक्याचा आहे, आणि इंदूरमध्ये तो शब्दशः पाळला जातो म्हणूनच हे पत्र जरा लांबीचे लिहीत आहोत. सियागंजातली बिलिंगची काउंटर, भंवरकुआँ भागातल्या कोचिंग क्लासच्या लॅब, रामबागेकडची छोटी ऑफिसे आणि वाचनालये यांची देखभाल बहुधा वार्षिक करारावर चालते. रात्री डाउनलोड लावायचे, सकाळी स्क्रीनवर काम पूर्ण झाल्याचा मजकूर दिसला की रजिस्टरमध्ये 'अपडेट ओके' लिहायचे, अशी रीत पडली आहे. त्या 'ओके'चा अर्थ प्रत्येक पॅकेज मॅनेजरमध्ये (प्रोग्रामची गाठोडी म्हणजे पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या व्यवस्थेत) वेगळा आहे. एका पॅकेज मॅनेजरमध्ये तर कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे पॅकेजांच्या आपसातल्या विरोधाच्या, दृष्टीने त्याला काहीच अर्थ नाही. तेव्हा पुढच्या अंकात या सल्ल्याची दुरुस्ती छापावी अशी विनंती आहे. ती का हवी, ते खाली लिहिले आहे. आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

मुळात कॉन्फ्लिक्ट दोन प्रकारचे असतात आणि सगळा घोटाळा हे दोन्ही एकच समजण्यातून होतो. पहिला प्रकार जाहीर कॉन्फ्लिक्टचा. पॅकेज बनवणाऱ्याने पॅकेजच्या माहितीतच लिहून ठेवलेले असते की हे पॅकेज अमक्या पॅकेजसोबत नांदू शकत नाही, किंवा त्याच्या अमुक आवृत्तीला मोडते, किंवा त्याची जागा घेते. ही माहिती रिपॉझिटरीच्या (पॅकेजांच्या ऑनलाइन कोठाराच्या) यादीत असते, म्हणून एकही पॅकेज डाउनलोड न करता पॅकेज मॅनेजरला ती दिसते. दुसरा प्रकार फाइलच्या टकरीचा. दोन पॅकेजे एकाच जागी एकाच नावाची फाइल ठेवू पाहतात आणि याची पूर्वसूचना कोणी कुठेही लिहिलेली नसते. किंवा त्या जागी कोणत्याच पॅकेजची नसलेली, कोणीतरी हाताने टाकलेली फाइल आधीच पडलेली असते. अशी टक्कर कळायला नव्या पॅकेजमधल्या फाइलींची यादी हातात असावी लागते. डेबियन या लिनक्स प्रकाराच्या 'पॅकेजेस' यादीत डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे), कॉन्फ्लिक्ट, आकारमान, चेकसम (फाइल शाबूत उतरली का ते पडताळणारा आकडा) हे सगळे असते, पण पॅकेजच्या पोटातल्या फाइलींची नावे नसतात. आरपीएमच्या (रेड हॅट घराण्याच्या पॅकेज व्यवस्थेच्या) जगात नावांची वेगळी यादी मिळते, पण प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) पॅकेजच्या हेडरमध्येच (माहितीच्या भागातच) असतो. आरपीएमचा नियम असा की दोन पॅकेजांतली फाइल हुबेहूब सारखी असेल तर टक्कर धरायची नाही. त्यामुळे पॅकेज हातात आल्याशिवाय निकाल देता येत नाही.

म्हणजे फाइलींची तपासणी करायची तर ती डाउनलोडनंतर आणि इन्स्टॉलच्या आधी करावी लागते. 'फक्त डाउनलोड' हा पर्याय दिला की काम नेमके याच जागी थांबते. आता प्रश्न एवढाच की त्या जागेच्या अलीकडे थांबते की पलीकडे.

पॅकमन या आर्च लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरपासून सुरुवात करू, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. आर्च लिनक्स आणि मांजारो वापरणारे विद्यार्थी आपल्या शहरात पुष्कळ आहेत. कॅपिटल एस आणि पुढे स्मॉल वाय, यू, डब्ल्यू अशी अक्षरे देऊन ते अपडेट नुसते उतरवून घेतात. यातला डब्ल्यू म्हणजे 'फक्त डाउनलोड'. पॅकमनमध्ये डब्ल्यू दिला की 'डाउनलोडओन्ली' या फ्लॅगबरोबर 'नोकॉन्फ्लिक्ट्स' हा दुसरा फ्लॅगही आपोआप लागतो. म्हणजे जाहीर कॉन्फ्लिक्टची तपासणीसुद्धा वगळली जाते. डिपेंडन्सी सोडवल्या जातात, फाइली उतरतात, सही आणि चेकसम तपासले जातात, आणि काम तिथेच संपते. फाइलींची टक्कर पाहण्याची पायरी त्याच्या पुढची आहे, ती येतच नाही. यात पॅकमनचे काही चुकत नाही. कॅशमध्ये (उतरवलेल्या पॅकेजांच्या साठ्यात) परस्परविरोधी पॅकेजेही शेजारी शेजारी राहू शकतात, आणि इन्स्टॉलच करायचे नसताना 'हे काढू का, ते काढू का' असे विचारत बसण्यात अर्थ नाही. चूक आपली, की आपण त्याला तपासणी समजतो. 'पी' हा यादी छापणारा पर्याय देऊन पाहावे म्हटले तर तिथेही हीच तपासणी वगळलेली असते.

मग पॅकमनवर खरी तपासणी होते कधी? अपडेट खरोखर चालवल्यावर, आणि तीही दोन टप्प्यांत. जाहीर कॉन्फ्लिक्टचा प्रश्न 'इन्स्टॉल करू का' या प्रश्नाच्या आधी येतो, तेव्हा तिथवर जाऊन 'नाही' म्हणता येते. या प्रश्नांची ठरलेली उत्तरे वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवावे. एका पॅकेजच्या जागी दुसरे घेऊ का, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर 'हो' आहे. कॉन्फ्लिक्टमुळे जुने पॅकेज काढू का, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर 'नाही' आहे. म्हणून 'नोकन्फर्म' (न विचारता ठरलेली उत्तरे घेणारा पर्याय) देऊन स्क्रिप्टमधून अपडेट चालवले की रात्री सुरळीत उतरलेला संच सकाळी कॉन्फ्लिक्ट सुटत नसल्याचे सांगून अडून बसतो, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला कारण सापडत नाही. फाइलींची टक्कर 'हो' म्हटल्यानंतर पाहिली जाते, पण डिस्कवर एकही फाइल लिहिण्याआधी. टक्कर निघाली तर सबंध व्यवहार रद्द होतो आणि संगणक होता तसाच राहतो. पॅकमनचा हा मोठा गुण आहे. तो माहीत नसल्यामुळे लोक घाबरून 'ओव्हरराइट'चा (आधीच्या फाइलवर जबरदस्तीने लिहिण्याचा) हातोडा उचलतात.

जून २०२५ मध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' या (हार्डवेअरला लागणारे अंतर्गत सॉफ्टवेअर असलेल्या) पॅकेजबाबत हेच घडले. आर्चने ते एक पॅकेज फोडून त्याची अनेक पॅकेजे केली आणि एनव्हिडियाच्या फर्मवेअरच्या डिरेक्टरीतील सिमलिंकची (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींची) मांडणीही बदलली. डाउनलोड कुठेही अडत नव्हते. प्रत्यक्ष अपडेटच्या वेळी मात्र 'यूएसआर/लिब/फर्मवेअर/एनव्हिडिया'खालच्या 'एडी१०३' वगैरे जागा आधीच अस्तित्वात आहेत, असे म्हणून पॅकमन थांबत होता. आर्चने जाहीर केलेला उपाय असा होता की, आधी कॅपिटल आर आणि दोन डी देऊन जुने 'लिनक्स-फर्मवेअर' डिपेंडन्सी न पाहता काढायचे आणि लगेच पूर्ण अपडेटसोबत ते नव्याने घालायचे. या दोन आज्ञांच्या मध्ये संगणक रीस्टार्ट करू नये, हे सांगायला नकोच. फर्मवेअर नसलेल्या स्थितीत वाय-फाय आणि ग्राफिक्स दोन्ही रुसू शकतात. ज्यांनी रात्री डाउनलोड करून 'ओके' लिहिले, त्यांना सकाळी काउंटर उघडायच्या वेळी हे वाढून ठेवलेले होते.

पॅकमनबाबत आणखी एक धोका आहे. वरच्या आज्ञेतला 'वाय' रिपॉझिटरीची यादी ताजी करतो. रात्री यादी नवी झाली, संगणकावरची पॅकेजे जुनीच राहिली. या मधल्या काळात कोणी एखादे किरकोळ पॅकेज घातले तर ते नव्या यादीतून येते आणि सोबत एखादी नवी लायब्ररी (अनेक प्रोग्रामना सामाईक लागणारा भाग) ओढून आणते. जुने प्रोग्राम मग 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' म्हणत उघडेनासे होतात. आर्चमध्ये असे अर्धवट अपडेट मान्यच नाही. यावर चांगला उपाय आहे. 'पॅकमन-कॉन्ट्रिब' पॅकेजमधली 'चेकअपडेट्स' ही आज्ञा 'डी' पर्यायासह वापरावी. ती यादीची वेगळी प्रत काढून तिच्यावरून डाउनलोड करते, मूळ यादीला हात लावत नाही. कॉन्फ्लिक्टची तपासणी मात्र तिच्यातही होत नाही. आणि डाउनलोड ते इन्स्टॉल या दरम्यान कॅपिटल एस, स्मॉल सी देऊन कॅश साफ करू नका. ठरलेल्या सेटिंगमध्ये ती आज्ञा इन्स्टॉल नसलेल्या आवृत्त्या काढून टाकते, म्हणजे रात्रभर उतरवलेले अपडेटच उडवते.

एपीटी या डेबियन घराण्याच्या पॅकेज मॅनेजरचे वागणे निराळे आहे. उबंटू, डेबियन आणि मिंट मिळून इंदूरच्या दुकानांत आणि शाळांत हेच सर्वाधिक दिसतात, म्हणून याकडे जास्त लक्ष हवे. 'एपीटी-गेट'ला 'डी' पर्याय दिला तरी जाहीर कॉन्फ्लिक्टचा हिशेब पूर्ण होतो. डिपेंडन्सी, 'कॉन्फ्लिक्ट्स', 'ब्रेक्स' सगळे सोडवून, काय येणार आणि काय जाणार याची यादी दाखवून मगच डाउनलोड सुरू होते. फाइली 'व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्हज'मध्ये उतरतात, अर्धवट उतरलेल्या तिथल्याच 'पार्शल'मध्ये राहतात. काम संपल्यावर डाउनलोड पूर्ण झाल्याचे आणि आपण 'डाउनलोड ओन्ली' मोडमध्ये असल्याचे वाक्य येते. या टप्प्यापर्यंत डीपीकेजीला (एपीटीच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रामला) हाकही मारलेली नसते. आणि फाइलींची टक्कर पाहणारा डीपीकेजीच आहे, तोही पॅकेज उलगडत असताना. 'एस' देऊन केलेल्या सिम्युलेशनमध्येही (नुसत्या तालमीतही) पॅकेज उघडून पाहिले जात नाही, तेव्हा त्यानेही ही टक्कर कळत नाही.

इथे डेबियनची बाजू पॅकमनपेक्षा कमजोर आहे, हे स्पष्ट लिहायला हवे. पॅकमन आणि आरपीएम आधी सगळे तपासतात आणि मग लिहायला घेतात. डीपीकेजी एकेक पॅकेज उलगडत जातो आणि टक्कर झाली की तिथे अडतो. 'ट्राइंग टू ओव्हरराइट' असे म्हणून ती फाइल आधीपासून कोणत्या पॅकेजची आहे ते तो सांगतो, ते एक पॅकेज मागे घेतो, पण त्याआधी उलगडलेली पॅकेजे उलगडलेलीच राहतात, त्यांतली काही कॉन्फिगर व्हायची बाकी असतात. संगणक दोन डगरींवर उभा राहतो. अशा वेळी आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवावे, मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि मग टकरीतल्या दोन पॅकेजांपैकी कोणते खरोखर हवे ते ठरवावे. इंटरनेटवर सापडणारा 'फोर्स-ओव्हरराइट' हा उपाय सरसकट वापरू नये. त्याने फाइलची मालकी नव्या पॅकेजकडे जाते. पुढे कधी ते नवे पॅकेज काढले की फाइलही जाते, आणि जुने पॅकेज यादीत शाबूत दिसत असूनही चालत नाही. हा बिघाड सहा महिन्यांनी उगवतो आणि तेव्हा मूळ कारण कोणाला आठवत नाही.

ही टक्कर आधी शोधायची सोय एपीटीत आयती नाही, पण हाताने शोधता येते आणि त्याला फार वेळ लागत नाही. सगळी पॅकेजे तपासायची गरज नसते. डिस्ट्रिब्युशनच्या अधिकृत रिपॉझिटरीतून आलेल्या पॅकेजांत सहसा 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' नीट लिहिलेले असतात. तपासायची ती बाहेरची: पीपीए (उबंटूसाठीच्या खासगी रिपॉझिटरी), प्रिंटर किंवा स्कॅनर कंपनीचे पॅकेज, अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने दिलेली डेब फाइल (डेबियन पद्धतीचे पॅकेज), आणि यादीत नव्या नावाने आलेले कोणतेही पॅकेज. अशा प्रत्येक डेब फाइलवर 'डीपीकेजी-डेब --कंटेंट्स' चालवावे. जी यादी येईल तिच्यातल्या डिरेक्टरी सोडून द्याव्या, कारण डिरेक्टरी अनेक पॅकेजांत सामाईक असतात. उरलेल्या प्रत्येक फाइलच्या वाटेतला सुरुवातीचा टिंब काढून ती वाट 'डीपीकेजी'ला कॅपिटल एससह द्यावी. कोणत्याच पॅकेजची नाही असे उत्तर आले, किंवा त्याच पॅकेजचे जुने नाव आले, तर ठीक. दुसऱ्याच पॅकेजचे नाव आले तर 'डीपीकेजी-डेब -एफ' देऊन नव्या पॅकेजचे 'रिप्लेसेस' हे कलम पाहावे. तिथे त्या दुसऱ्या पॅकेजचे नाव नसेल तर टक्कर बहुधा होणार. 'डीपीकेजी-डायव्हर्ट'ने वळवलेल्या फाइली याला अपवाद आहेत. चार ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये हे बसते, आणि देखभाल करणाऱ्याकडे अशी स्क्रिप्ट असलीच पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे.

एपीटीत आणखी तीन ठिकाणी रात्रीचा आणि सकाळचा हिशेब जुळत नाही. एक म्हणजे आज्ञा बदलणे. 'एपीटी-गेट अपग्रेड' कोणतेही पॅकेज काढत नाही आणि नवेही घालत नाही, अडचणीची पॅकेजे तो मागे ठेवतो. नुसता 'एपीटी अपग्रेड' नवी पॅकेजे घालतो, पण काढत नाही. 'फुल-अपग्रेड' किंवा 'डिस्ट-अपग्रेड' काढूही शकतो. रात्री पहिली आज्ञा आणि सकाळी तिसरी चालवली तर तपासलेला संच आणि बसवलेला संच एक नसतो. दुसरे, यादी बदलणे. उबंटूत 'एपीटी-डेली' हा टायमर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या वेळा धरून बारा तासांपर्यंतच्या यादृच्छिक विलंबाने चालतो. म्हणजे यादी दिवसरात्रीत कधीही ताजी होऊ शकते, आणि मग रात्री उतरवलेली आवृत्ती सकाळी जुनी ठरते. म्हणून सकाळी 'एपीटी-गेट'ला '--नो-डाउनलोड' द्यावे. कॅशमध्ये नसलेली एखादी फाइल लागत असेल तर तो सांगेल आणि थांबेल. ते थांबणेच आपल्याला हवे आहे. त्याच्या जोडीला '--इग्नोर-मिसिंग' देण्याची सवय काहींना असते, ती सोडावी, कारण मग न मिळालेली पॅकेजे मागे ठेवून बाकीची पुढे जातात. तिसरे, टप्प्याटप्प्याने येणारे अपडेट. उबंटू काही अपडेट सगळ्या संगणकांना एकदम देत नाही. कोणाला आधी हे संगणकाच्या मशीन-आयडीवरून ठरते. त्यामुळे लॅबमधला एक संगणक तपासला म्हणून शेजारच्या संगणकावर तीच यादी येईल याची खात्री नाही. तपासणी ज्या संगणकावर अपडेट घालायचे त्यावरच करावी.

आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स), अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्सच्या ८ आणि ९ या आवृत्त्यांवर डीएनएफ हा आरपीएम पॅकेजे सांभाळणारा पॅकेज मॅनेजर आहे. 'डीएनएफ अपग्रेड --डाउनलोडओन्ली' जाहीर कॉन्फ्लिक्ट आणि डिपेंडन्सी सोडवतो, पॅकेजे उतरवतो आणि पुढच्या यशस्वी व्यवहारापर्यंत ती कॅशमध्ये राहतील असे सांगून थांबतो. आरपीएमची 'ट्रान्झॅक्शन टेस्ट' तो करत नाही. फाइलींची टक्कर याच टेस्टमध्ये कळते, आणि डिस्कवर जागा पुरेल की नाही तेही. 'बूट' हे पार्टिशन वेगळे आणि लहान असेल, त्यात जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) साठलेले असतील, तर नवा कर्नल उतरतो झकास, बसत नाही. डाउनलोडला 'व्हार'मध्ये जागा लागते, 'बूट'मध्ये नाही, म्हणून रात्री काहीच कळत नाही. उपाय एका पर्यायाचा आहे: 'डाउनलोडओन्ली'ऐवजी '--सेटऑप्ट=टीएसफ्लॅग्ज=टेस्ट' द्यावे. मग डीएनएफ आधीच सांगतो की आपण पॅकेजे उतरवू, जीपीजी किल्ल्या (सही पडताळणाऱ्या) घालू आणि व्यवहार तपासू, एवढेच. शेवटी 'ट्रान्झॅक्शन टेस्ट सक्सीडेड' ही ओळ दिसली तरच रजिस्टरमध्ये लिहावे. संगणक जुन्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर नेणाऱ्या 'सिस्टम-अपग्रेड डाउनलोड'मध्ये ही टेस्ट मुळातच घातलेली आहे. म्हणजे एकाच डीएनएफमध्ये एक 'डाउनलोड' टेस्टसह आहे आणि एक टेस्टविना. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्यावर विश्वास टाकणारे फसतात ते इथेच.

ओपनसूसे लिनक्सच्या झिपर या पॅकेज मॅनेजरमध्ये फाइलींची टक्कर पाहण्याची वेगळी पायरी आहे. नुसते '--ड्राय-रन' दिले तर पॅकेजे उतरतच नाहीत आणि अहवाल अपुरा राहतो. त्यासोबत '--डाउनलोड-ओन्ली'ही दिले तर पॅकेजे हातात येतात आणि अहवाल पूर्ण होतो. '--डाउनलोड-ॲज-नीडेड' दिल्यास ही तपासणी बंद पडते, म्हणून ते टाळावे. फ्रीबीएसडी या लिनक्स नसलेल्या, पण तशाच प्रणालीचा 'पीकेजी' या बाबतीत सर्वांत सरळ. 'पीकेजी अपग्रेड'ला कॅपिटल एफ दिला की तो पॅकेजे उतरवतो आणि संभाव्य कॉन्फ्लिक्टही शोधतो. आपल्या टिपणातला सल्ला शब्दशः खरा ठरतो तो याच्यापुरता.

टेस्ट यशस्वी झाली तरी काही गोष्टी तिच्या कक्षेबाहेर राहतात, त्याही सांगायला हव्यात. पॅकेजसोबत चालणाऱ्या स्क्रिप्ट टेस्टमध्ये चालत नाहीत. हाताने बदललेल्या कॉन्फिग फाइलींचे काय करायचे हा प्रश्न इन्स्टॉलच्या वेळीच येतो. डीपीकेजी थांबून विचारतो, आरपीएम बहुधा 'आरपीएमन्यू' नावाची फाइल शेजारी ठेवतो, पॅकमन 'पॅकन्यू' ठेवतो. उबंटू-डेबियनवर आपोआप अपडेट घालणारा 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' असा प्रश्न येणारे पॅकेज सहसा बाजूलाच ठेवतो, म्हणून महिन्यातून एकदा 'व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स' पाहून काय मागे राहिले ते तपासावे.

कोणत्याच पॅकेजची नसलेली फाइल वाटेत आली तर काय करावे, हेही विचारले जाते. आर्चवर याचे नेहमीचे कारण म्हणजे 'सुडो' (प्रशासकाचा अधिकार) लावून पिपने (पायथनच्या स्वतःच्या पॅकेज मॅनेजरने) घातलेले पायथन मॉड्यूल. पिप आता बाहेरून सांभाळलेल्या वातावरणाचे कारण देऊन नकार देतो, पण 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' देऊन तो नकार डावलणारेही आहेत. पॅकमनला कॅपिटल क्यू आणि स्मॉल ओ देऊन वाटेतल्या फाइलचा मालक विचारावा. मालक नाही असे उत्तर आले तर फाइल खोडू नये, नाव बदलून बाजूला ठेवावी, अपडेट करावे, दोन दिवस संगणक नीट चालतो का पाहावे आणि मग ती काढावी. मालक दुसरे पॅकेज असेल तर ती पॅकेज बनवणाऱ्याची चूक असू शकते, किंवा आर्चच्या मुख्य पानावर हाताने करायच्या उपायाची सूचना लागलेली असते. ती वाचण्याआधी 'ओव्हरराइट' देऊ नये.

देखभालीचा करार करणाऱ्या संस्थांनी करारात 'अपडेट' हा एकच शब्द न ठेवता तीन नोंदी मागाव्यात. पॅकेजे उतरली का, ही पहिली. जाहीर कॉन्फ्लिक्टमध्ये काय काढले जाणार आहे त्याची यादी, ही दुसरी. ती यादी ऑफिसातल्या माणसाला दाखवलीच पाहिजे, कारण त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर जात असेल तर ते त्यालाच कळेल. फाइलींची आणि जागेची टेस्ट, ही तिसरी. डीएनएफ, झिपर आणि पीकेजीवर तिसरी नोंद आज्ञेच्या उत्तरावरून करता येते, एपीटीवर वरच्या स्क्रिप्टवरून. पॅकमनवर ती जागा रिकामी ठेवावी आणि इन्स्टॉलच्या वेळी जाणकार माणूस समोर बसलेला असावा.

वेळेबाबतही एक सूचना. सण आला, काउंटर बंद, म्हणून त्याच दिवशी अपडेट लावण्याची पद्धत राजवाडा भागात आहे. रंगपंचमीच्या गेरच्या दिवशी किंवा अनंत चतुर्दशीच्या झांकींच्या रात्री त्या भागातले रस्ते वाहनांना बंद असतात. डीपीकेजी मध्येच अडला तर माणूस तिथे पोहोचणार नाही, आणि अर्धवट संगणकावर दूरून लॉगिन होईलच असे नाही. टेस्ट त्या दिवशी खुशाल चालवावी, तिने काही बदलत नाही. इन्स्टॉल मात्र दुसऱ्या दिवशी, दुकान उघडण्याच्या दोन तास आधी, जुन्या कर्नलची नोंद बूट मेनूमध्ये आहे याची खात्री करून करावे.

कळावे,
आपले,
लिनक्स संगणकांची देखभाल करणारे काही वाचक, इंदूर